बघून झालेली मुंबई

"फक्त वडिलांना सकाळपासून काही खायला देऊ नका," मी म्हणालो, आणि डेस्कच्या पलीकडची बाई माझ्याकडे बघत राहिली. इंदूरहून आली होती. तिचे ऐंशीच्या घरातले वडील मागच्या सोफ्यावर काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. तिनं विचारलं होतं ते अगदी साधं होतं. हातात एकच दिवस आहे, बाबांना फार चालवत नाही, त्यांना मुंबईत काय दाखवू? हा प्रश्न एकवीस वर्षांत मला किती जणांनी विचारला असेल याची गणती नाही, आणि उत्तर माझ्या तोंडात तयारच असतं. नवाच्या आत गेटवे, ऊन चढायच्या आधी. मग संग्रहालय, तिथे चाकांची खुर्ची मागितली की मिळते. दुपारी आडवं व्हायचं. संध्याकाळी चौपाटीची गर्दी नको, वर टेकडीवरच्या बागेत बाक आहेत, तिथून सगळा किनारा दिसतो. रात्री नाटक बघणार असाल तर कडेच्या खुर्च्या घ्या, उठबस सोपी जाते. हे सगळं मी नीट बोललो, हसून बोललो, नकाशावर पेनानं गोल केले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, ते वाक्य. वर आणखी जोडलं, "सहा तास पोट रिकामं हवं. पाणीसुद्धा नको." बाई हसली. म्हणाली, संग्रहालयात जायला? मी म्हटलं, माफ करा मॅडम, दुसऱ्या गेस्टचं तुम्हाला सांगून बसलो. सारवासारव करायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे ती साधली. बाई वडिलांना हाताला धरून लिफ्टकडे गेली. मी पेनाला टोपण लावलं आणि नकाशांचा गठ्ठा सरळ केला.

दुसरा गेस्ट म्हणजे माझा बाप. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याची दवाखान्यातली तारीख होती, तीही दुसरी. पहिली मी घालवली होती. घालवली म्हणजे काय ते सांगायचं तर आधी माझ्या धंद्याचं सांगावं लागेल. दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या दारात शिरलं की उजव्या हाताला एक उंच लाकडी डेस्क आहे, त्याच्यामागे मी उभा असतो. पाहुण्यांनी कुठे फिरावं, कुठे जेवावं, कुठलं गाणं ऐकावं, कुठलं नाटक बघावं, हे मी सांगतो. मुंबईत काय बघावं हे कुणीही सांगेल, पण काय कधी बंद असतं हे ज्याला पाठ आहे तो खरा माणूस, असं मी नव्या पोरांना शिकवतो. लेणी सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. अमुक इराण्याकडचं पुडिंग तीनला संपतं. या पुडिंगबद्दल मी डोळे मिटून बोलतो आणि ते मी कधी चाखलेलं नाही. नाटकाच्या कुठल्या रांगेत पंख्याचा आवाज येतो ते मला माहीत आहे, आणि मी त्या थिएटरात शेवटचा गेलो तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. ड्युटी सुटली की मला घर दिसतं. शहापूरला पोचायला अडीच तास, मग बायको, रेश्मा, ताट वाढते, मुलगी मनस्वी अभ्यासाला बसलेली असते, आणि सकाळी पुन्हा आसनगावला गाडी. आईबाप राहतात त्या आमच्या सापगावात मात्र माझ्याबद्दल असं बोललं जातं की ज्ञाना लोकांना मुंबई दाखवतो. जणू मुंबईची किल्ली माझ्याकडे आहे आणि मी रोज सकाळी जाऊन कुलूप काढतो. त्या गावातल्या एकाही माणसाला मी कधी मुंबई दाखवली नव्हती. आईबापांना तर नाहीच. त्यांनी मागितली नाही, आणि ज्यानं मागितलं नाही त्याला द्यायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही. आता हे लिहिताना तोंडात कडू येतं.

माझ्या बापाचं नाव धाऊ. एकतीस वर्षं तो भातसानगरला धरणावर चौकीदार होता. तीन पाळ्या, कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि पाळी सुटली की सापगावला येऊन स्वतःचं भात. त्या धरणातून मुंबईला जाणारं सगळं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत गेलं, पण तो स्वतः कल्याणच्या पुढे कधी गेला नाही. त्याच्या फिरण्याची हद्द इकडे म्हसा गावची गुरांची जत्रा आणि तिकडे माझ्या आईचं माहेर, सिद्धगडाच्या पायथ्याचं, मुरबाड तालुक्यातलं एक लहानसं गाव. त्याला पाळीचा फार अभिमान. दुसऱ्याच्या पाळीत उभं राहायचं नाही आणि आपली कुणाला द्यायची नाही, एवढं एकच तत्त्व त्यानं आयुष्यभर सांभाळलं. देवाचं विशेष केलं नाही, राजकारणात पडला नाही, पाळी मात्र चुकवली नाही. अशा माणसाला दिवाळीपासून भाकरी गिळेना. आधी आई दुधात कुस्करून द्यायची, मग भात, मग पेज. शहापूरच्या डॉक्टरांनी त्याला वजनाच्या काट्यावर उभं करायला बाहेर पाठवलं आणि मला आत सांगितलं. अन्ननलिकेत गाठ असावी. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीनं तपासून तुकडा काढावा लागेल. "अजून वेळ आहे," ते म्हणाले, "पण हातात फार नाही. महिना-दीड महिना इकडे-तिकडे झाला तरी फरक पडतो." मी बाहेर आलो तेव्हा बाप काट्यावरून उतरून कंपाऊंडरला विचारत होता, हा काटा रोज लावून बघता का नुसता ठेवलाय.

घरी आल्यावर आईला गोठ्यात नेऊन सांगितलं. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. माझी आई, सकुबाई, रडत नाही, तिचं नाक लाल होतं एवढंच. तिनं माझा हात घेतला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची आण हाय तुला. ह्याचं नाव त्येंच्यासमोर काढाचं नाय. लडकूचं झालं तसं माझ्या घरात नको." लडकू म्हणजे माझा चुलता. त्याला सहा वर्षांपूर्वी असंच तपासायला नेलं होतं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सकाळपासून उपाशी ठेवला तेव्हाच त्यानं ओळखलं. आमच्याकडे माणसाला उपाशी ठेवलं म्हणजे त्याला कापणार, हे सगळ्यांना माहीत असतं. लडकूकाका घरी आला, भिंतीकडे तोंड करून पडला, आणि पाणीसुद्धा सोडलं. अकराव्या दिवशी गेला. आजारानं नाही गेला, ओळखल्यानं गेला, असं माझी आई मानते, आणि मी कितीही शिकलेला असलो तरी मीही तसंच मानतो. तेव्हा रोगाचं नाव काढायचं नव्हतंच, पण त्याला उपाशी ठेवतोय हेही कळू द्यायचं नव्हतं. हे कसं करायचं? तिथेच, गोठ्यात, म्हैस रवंथ करत असताना, मला ते सुचलं. सुचलं तेव्हा मला आनंद झाला, हे मी कबूल करतो. बाबांना मुंबई दाखवायला नेतो म्हणून सांगायचं. मला याहून सोपं काय होतं? जगात दुसऱ्या कुणाला आपल्या मरणाऱ्या बापाशी एवढं सफाईनं खोटं बोलता आलं असतं?

हॉटेलच्या कागदावर मी कार्यक्रम आखला. पाहुण्यांसाठी आखतो तसाच, वेळा घालून. साडेपाचला पेज. सहाला निघणं. नवाला समुद्र. दहाला संग्रहालय. एकला बागेत सावलीत बसणं. तीनला ओळखीच्या डॉक्टरांना जाता जाता भेटणं. जेवण साडेचारला, तपासणीनंतर. पेजेपासून तीनपर्यंत पोटात काही जाणार नाही आणि बघण्याच्या नादात त्याच्या लक्षातही येणार नाही. कागद लिहून झाल्यावर मी तो दोनदा वाचला आणि मला तो आवडला. फेब्रुवारीतला मंगळवार होता. गावातल्या किशोरची इको गाडी ठरवली. बाप धुतलेला सदरा घालून पुढच्या सीटवर बसला आणि भिवंडी येईपर्यंत किशोरला रस्त्याच्या ठेकेदारांचे दोष सांगत राहिला. गेटवेला त्यानं गेटवेकडे पाठ केली आणि समुद्राला घातलेल्या दगडी बांधाकडे बघितलं. वाकून एका दगडाच्या सांध्यात नख घातलं. "बसवलाय चांगला," म्हणाला, "आता अशी माणसं नाय." बोटी, कबुतरं, फोटोवाले, कशाचंच त्याला नवल वाटलं नाही. संग्रहालयात तर त्यानं कमाल केली. हजार वर्षांच्या मूर्तींमधून सरळ चालत गेला आणि दालनाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या वॉचमनपाशी थांबला. किती तासांची पाळी, सुट्टी कुठल्या वारी, रात्री कोण असतं, सायेब फिरकतो का. अर्धा तास दोघं बोलत होते. तो वॉचमन खेडचा निघाला. निघताना बापानं त्याला रामराम केला आणि मला म्हणाला, "मुंबई बरी हाय रे. माणसं कामावर हायत." मी हसलो. खूप दिवसांनी मोकळा हसलो, कारण सगळं वेळेवर चाललं होतं.

मग ती पाच मिनिटं. कार्यक्रमात नव्हती, पण साडेबारा वाजले होते, हॉटेल दोन गल्ल्यांवर होतं, आणि मला वाटलं की बापाला आपलं डेस्क दाखवावं. लहानपणी तो मला एकदा धरणावरच्या त्याच्या चौकीत घेऊन गेला होता, तिथे एक खुर्ची, एक कंदील आणि भिंतीवर खिळ्याला शिट्टी. मी ती शिट्टी वाजवली होती आणि त्यानं मारलं होतं. माझ्या डेस्कवर त्यानं हात फिरवला. लाकूड कुठलं, विचारलं. आणि तेवढ्यात प्रज्वल आला. प्रज्वल आमच्या रेस्टॉरंटचा कॅप्टन, तिशीचा, गोड पोरगा. त्यानं वाकून बापाला नमस्कार केला आणि मला म्हणाला, "सर, काका आलेत आणि तुम्ही उभे ठेवलेत? खिडकीचं टेबल लावलंय. साहेबांनी सांगितलंय, आज काका आमचे गेस्ट." मी म्हटलं, नको, आम्हाला जायचंय. बापानं माझ्याकडे बघितलं. "काय रे? जेवाचं नाय?" साधाच विचारला त्यानं. पण तो प्रश्न तिथे दिव्यांखाली तसाच उभा राहिला. साडेपाचला घेतलेल्या पेजेवर दुपारपर्यंत फिरवलेल्या माणसाला, समोर ताट मांडलेलं असताना, जेवू नका का म्हणून सांगायचं? जे काही सांगितलं असतं ते लडकूकाकापाशी जाऊन पोचलं असतं. हे झालं एक. दुसरं मी कुणाला सांगितलेलं नाही. एकवीस वर्षं मी त्या टेबलाकडे माणसं पाठवत आलो. खिडकीजवळचं घ्या, तिथून समुद्र दिसतो. त्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो, आणि आता माझा बाप बसणार होता. माझ्या छातीत काहीतरी फुगलं. मी घड्याळ बघितलं. तीनला अजून दोन तास वीस मिनिटं होती. मनाशी म्हटलं, पातळ काहीतरी, दोन चमचे, तेवढ्यानं काय होतंय? पोचायला दहा मिनिटं उशीर झाला तर बोट थांबत नाही, असं पाहुण्यांना बजावून सांगणारा मी.

सूप आलं. बापानं चमचा उलटसुलट करून बघितला, मग पहिला घोट घेतला, आणि थांबला. हात गळ्यापाशी नेला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. "गेलं रे," तो म्हणाला. "गेलं खाली." त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दिवाळीपासून बघितलं नव्हतं. सूप संपलं. मग प्रज्वलनं डाळ आणली, मऊ भात आणला, आणि मी अडवलं नाही. बाप भात कालवत होता, हळूहळू, एकेक घास, आणि प्रत्येक घास गेला की माझ्याकडे बघत होता, मूल पायरी चढून मागे वळून बघतं तसा. मग कॅरामल कस्टर्ड. ते त्यानं तीन वेळा मागून घेतलं. "हे असं आपल्याकडं का करीत नाय?" म्हणाला. "तुझ्या आयेला सांग. अंडी हायत, दूध हाय." मी म्हटलं, सांगतो. खिडकीतून समुद्र दिसत होता, बाप जेवत होता, आणि मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. यात खोटं काहीच नव्हतं. मला खरंच वाटलं की हा माणूस बरा आहे, डॉक्टर चुकला असेल, इतकं जेवणाऱ्या माणसाला काय झालेलं असणार? डोकं शाबूत असलेला माणूस अर्ध्या तासासाठी किती मूर्ख होऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं. म्हणजे त्या दिवशी नाही, नंतर.

दवाखान्यात आमचा नंबर लागला तेव्हा पावणेचार झाले होते. सिस्टरनं कागद बघितला आणि खाली मान घालूनच विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? मी तोंड उघडायच्या आत बाप बोलू लागला. त्याला वाटलं, पाहुणचाराची चौकशी चालली आहे. त्यानं सगळं सांगितलं, क्रमानं, काही न वगळता. सूप. पिवळी डाळ, आपल्यासारखी नाय, लोण्यातली. भात. आणि ते गोड, हलणारं, तीन वाट्या. "पोराच्या हाटेलात," म्हणाला, "खिडकीशी बसवलं मला." सिस्टरनं आता वर बघितलं, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. "उपाशी आणायचं सांगितलं होतं ना तुम्हाला?" तिचा आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. मी तिला बाजूला घेतलं, हात जोडले, संध्याकाळी उशिरा करा, उद्या करा. ती म्हणाली, दादा, बाहेर बघा किती माणसं आहेत. पुढची मोकळी तारीख मार्चअखेरची निघाली. सहा आठवडे. मी कागद घेऊन वळलो तेव्हा बाप बाकावर बसलेला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. 'उपाशी' हा शब्द त्यानं ऐकला की नाही, मला आजही सांगता येत नाही. ऐकला असेल तर त्यानं तो गिळला, आणि तेवढं गिळणं त्याला त्या दिवशी जमत होतं. गाडीत तो पुन्हा पुढच्या सीटवर बसला. कल्याणच्या पुढे झोपला. सापगावात उतरताना मात्र किशोरला म्हणाला, "चांगली फिरवलीस गाडी."

त्यानंतर गावात महिनाभर माझ्या बापाची मुंबई चालली. ओटीवर येईल त्याला तो दगडी बांध सांगायचा, वॉचमनची पाळी सांगायचा, तीन वाट्या सांगायचा. ज्यांनी ऐकलं ते मला रस्त्यात थांबवून सांगायचे, बापाचे पांग फेडलेस. मी मान हलवायचो. रविवारी जायचो तेव्हा दर वेळी तो थोडा थोडा कमी झालेला असायचा. आईनं एकदा ते कस्टर्ड करून बघितलं, रेश्मानं मोबाईलवर बघून सांगितलं होतं तसं. गेलं नाही. मग पेजही वरची, नुसतं पाणी. तो आजाराचं काही बोलत नव्हता, फक्त "आज नको" म्हणायचा. आणि मी आतल्या आत दुसरा कार्यक्रम आखत होतो. या वेळी चूक नाही. राणीची बाग, अकराला थेट दवाखाना, मध्ये कुठेही थांबणं नाही. वाघ दाखवतो म्हणून सांगायचं. आईला गोठ्यात एकदा विचारलं, खरं सांगून टाकू का त्यांना? तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचा हात गळ्यावर नेला. मग मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिनं आणेतून सोडवलं असतं तरी मला ते जमलं असतं का, याची मला शंका आहे. माझ्या तोंडाला ती सवयच नाही. माझ्या तोंडाला काय बघावं एवढंच सांगायची सवय आहे.

त्या इंदूरच्या बाईला नको ते बोलून मी घरी आलो, आणि सकाळी सहाला किशोरची गाडी घेऊन सापगावला पोचलो. माळावर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजायला घेतले होते, त्याचा धूर अंगणापर्यंत आला होता. बाप ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. आंघोळ झालेली, अंगात तोच धुतलेला सदरा, पण आता तो खांद्यांवरून उतरत होता. दोन दिवस त्याच्या पोटात काहीच ठरत नव्हतं. उपाशी आणायची अट या वेळी आपोआपच पाळली गेली होती. मी बसलो, चपला काढल्या, आणि सुरू केलं. वाघ आहे, हत्ती आहे, परदेशातले पक्षी आणलेत, त्यांना थंड खोली केली आहे. सकाळी गेलं की वाघ बाहेर असतो. तो ऐकत होता, शांतपणे, मान हलवत, म्हशाच्या बाजारात दुसऱ्यानं लावलेली किंमत ऐकतो तसा. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "मी बघली मुंबई."

"सगळी कुठे बघितली, बाबा?"

"माझी बघून झाली. पाळी झाली माझी." त्यानं आत बघून हाक मारली. "ऐकलं का गो. भाईर ये. लुगडं बदल. ज्ञाना गाडी घेऊन आलाय."

आई दारात आली. तिच्या हाताला शेण होतं.

"तुझी आये जन्मात कुठं गेली नाय," तो मला म्हणाला. "म्हशीच्या पायी राहिली मागच्या येळी. आज तिची पाळी. तिला ने. ते हाटेल दाव, खिडकीशी बसव. म्हशीचं मी बघतो."

"मला नाय जावाचं," आई म्हणाली.

"का नाय?"

मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. तिला का जायचं नाही हे सांगायला एकच कारण होतं आणि ते तिनंच माझ्याकडून गळ्याच्या आणेनं बंद करून घेतलं होतं. मी म्हटलं, बाबा, दोघं चला, गाडी मोठी आहे. तो म्हणाला, मग म्हैस कोण बघंल, तू? मी म्हटलं, तुमच्यासाठीच गाडी आणली आहे. "माझ्यासाठी कशाला?" त्यानं विचारलं, आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिला. राग नव्हता, संशयही नव्हता. नुसता थांबला होता. त्या वेळी सांगायला हवं होतं. आण तुटली असती, आई मरणार नव्हती, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "वाघ बघितला असता तुम्ही." तो हसला. "वाघ शिद्धगडाला बघलाय मी. तुझ्या आयेच्या गावाला. पिंजऱ्याबाहेर." आणि हात भिंतीला धरून उठला, गोठ्याकडे निघाला. आठ पावलांवर थांबला, श्वास घेतला, पुन्हा निघाला. आई हात धुऊन, हिरवं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घेऊन गाडीत मागे बसली. तिच्या तोंडावर रंग नव्हता. किशोर माझ्याकडे बघत होता. त्यालाही सगळं माहीत होतं, गावात बापाखेरीज सगळ्यांना माहीत होतं. मी त्याला म्हटलं, चल.

भिवंडीपाशी मी दवाखान्याला फोन लावला. पेशंट येऊ शकत नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, मग मे महिना. सत्तावीस. लिहून घेऊ का? मी म्हटलं, घ्या. आईनं मागून विचारलं, "काय म्हनतो?" मी सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि बोटं मिटली. "गाडी मागं घ्यायची का, आये?" मी विचारलं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "मागं जाऊन काय सांगू? त्येनी पाळी दिलीय मला. चल, फिरव."

अकराला आम्ही समुद्रावर होतो. ऊन लागत होतं. आई बांधाला हात लावून उभी होती आणि मी तिच्या बाजूला. माझ्या खिशात तपासणीचा कागद होता. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. तिनं माझ्या बाहीला धरलं. "गप का रे? सांग ना, ते काय, हे काय. नीट सांग. सांजला इचारतील मला. म्हंजे बघलं नाय असं वाटाया नको त्येंना." मी घसा साफ केला. म्हटलं, ही कमान शंभर वर्षांपूर्वीची. ती हळू आवाजात म्हणाली, कमान, शंभर वर्सांची. म्हटलं, त्या बोटी लेण्यांना जातात, सोमवारी बंद. बोटी, लेण्यांना, सोमवारी बंद, ती म्हणाली. मी पुढचं सांगत गेलो, आणि ती माझ्यामागून एकेक शब्द म्हणत पाठ करत गेली.